घर विकायचे आहे, पण तुम्हाला नाही!

"घर घ्यायला पैसा लागतो, जात कुठे लागते?" असे सुशिक्षित मंडळी आम्हाला नेहमी ऐकवतात. मग आमच्या एका कार्यकर्त्याचे काय झाले ते ऐका. पुण्यातल्या एका सोसायटीत त्याने फ्लॅट पसंत केला. बँकेचे कर्ज मंजूर होते, टोकनचा चेक खिशात होता. एजंटने आडनाव विचारले. त्यावरून अंदाज लागेना, म्हणून गाव विचारले. मग, "नॉनव्हेज खाता का?" शेवटी, "देवघर कोणत्या खोलीत करणार?" तो म्हणाला, "देवघर नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतील." दुसऱ्या दिवशी निरोप आला, "मालकाचा विकायचा विचार बदलला." महिनाभरात तोच फ्लॅट दुसऱ्याला विकला गेला.

1917 साली बाबासाहेब परदेशी शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून एका पथिकाश्रमात राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शंभर वर्षांत फरक एवढाच पडला, की काठ्या गेल्या आणि "सोसायटीचे नियम" आले.

म्हणे, "आमची सोसायटी शाकाहारी आहे." आमच्यातही माळकरी आहेत, शाकाहारी आहेत. त्यांना तुम्ही घर देता का? आणि मासळी खाणारा सवर्ण शेजारी कसा चालतो? प्रश्न ताटाचा नाही, जातीचा आहे.

"मालमत्ता आमची, विकू कोणालाही," हा दुसरा युक्तिवाद. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण अधिनियम 1955, कलम 4 प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडवणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम 12 तर सांगते, की अडवलेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत कृत्य अस्पृश्यतेतूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे. हा कायदा फ्लॅटमालकालाही लागू आहे आणि सोसायटीलाही.

2005 साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. तो निकाल आम्हाला मान्य नाही. पण त्या निकालानेही अस्पृश्यता पाळण्याचा परवाना कोणाला दिलेला नाही!

मग या कायद्याखाली घराच्या तक्रारी का होत नाहीत? कारण आम्हीच अपमान गिळतो आणि "आपल्या लोकांच्या" वस्तीत जागा शोधतो. काही जण आडनाव बदलतात. हे थांबले पाहिजे.

बांधवांनो, नकार लेखी मागा. एजंटचे मेसेज जपून ठेवा. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. सोसायटी सभासदत्व नाकारत असेल तर सहकार निबंधकाकडे अपील करा. एकटे जाऊ नका, संघटनेला सोबत घेऊन जा. आम्हाला कोणाची मेहेरबानी नको. पैसे मोजून घर घ्यायचे आहे, तेही स्वतःच्या नावाने.

जय भीम!