‘बरोबर कोण आहे?’

कोकण किनाऱ्यावरच्या कोणत्याही देवस्थानाच्या गावी बाई एकटी एसटीतून उतरली, की तिला दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो. रिक्षावाला विचारतो, खानावळीतली मावशी विचारते, लॉजचा मॅनेजर विचारतो, ओटीचे ताट विकणारी विचारते आणि शेवटी पुजारीही विचारतो. ‘बरोबर कोण आहे?’ ‘कोणी नाही’ हे उत्तर कोणालाच पुरत नाही. नवरा मागून येतोय का, नवस फेडायचाय का, घरी काही झालंय का, असे पुढचे प्रश्न तयार असतात. पुरुष एकटा आला तर ‘कुठून आलात?’ एवढ्यावर भागते.

हे काळजीपोटी असते असे म्हणणाऱ्या मैत्रिणी आपल्यातही आहेत. काही वेळा असतेही. आषाढातल्या पावसात चिंब झालेल्या बाईपुढे न मागता चहाचा कप ठेवणाऱ्या मावशीचा प्रश्न मी मोजत नाही. पण तोच प्रश्न भक्तनिवासाच्या टेबलावर आला की त्याचे कुलूप होते.

आमच्या गटातली एक कार्यकर्ती, पन्नाशी ओलांडलेली, आयुष्यभर नोकरी केलेली, पावसाळ्यात अशाच एका गावी गेली. दुपारी दर्शन झाले. संध्याकाळी पाऊस वाढला, परतीची गाडी रद्द झाली. देवस्थानच्या भक्तनिवासात खोल्या रिकाम्या होत्या, कारण हंगाम नव्हता. टेबलावरचा माणूस म्हणाला, ‘ताई, एकट्या लेडीजला रूम देत नाही. नियम आहे.’ नियम कुठे लिहिलाय, असे तिने विचारले. ‘लिहिलेला नाही, वरून सांगितलंय.’ वरून म्हणजे देवाने की ट्रस्टने, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. बराच वेळ ती हलली नाही, तेव्हा त्याने आवाज खाली आणून खरे कारण सांगितले. ‘समुद्र जवळ आहे ना ताई. कोणी जिवाचं काही करून घेतलं तर आम्हाला पोलिसांचा त्रास.’

म्हणजे एकटी बाई समुद्रकाठी येते ती जीव द्यायला. नाहीतर धंद्याला. दुसरी शंका तोंडावर बोलत नाहीत, पण रजिस्टरमध्ये नाव लिहिताना वर-खाली फिरणाऱ्या नजरेत ती असते. तिसरी शक्यता कोणाच्या डोक्यातच येत नाही. तिला सुट्टी होती, तिला समुद्र पाहायचा होता, तिला त्या देवळाच्या सभामंडपात दोन तास कोणी हाक न मारता बसायचे होते, एवढ्या साध्या कारणासाठी बाई घराबाहेर पडू शकते हे आपल्या समाजाला अजून पटलेले नाही.

यात पावसाची म्हणून एक वेगळी गोष्ट आहे. आपल्या भाषेत ‘ओलेत्याने’ असा एक शब्द आहे. पुरुष अंघोळ करून ओलेत्याने, उघड्या अंगाने देवापुढे उभा राहिला तर ते सोवळे. त्याचे निथळणारे धोतर म्हणजे शुचिता. बाईच्या ओलेपणाला मात्र दोनच अर्थ. नवसाच्या कष्टासाठी ओल्या लुगड्याने प्रदक्षिणा घालणारी, किंवा सिनेमाच्या पोस्टरवरची ‘ओलेती’. पावसात भिजून आलेली, ओढणी पिळून खांबाशी उभी असलेली बाई यातल्या पहिल्या चित्रात बसत नाही, म्हणून ताबडतोब दुसऱ्यात टाकली जाते. २०२३ पासून महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांनी ‘वस्त्रसंहिता’ लावल्या. अंगप्रदर्शन नको, फाटके नको, तोकडे नको. फलक लावायला पैसे आहेत. पण जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे बाईला कपडे बदलायला कडी लागणारी एक कोरडी खोली बांधावी, असे किती विश्वस्त मंडळांना सुचले? पाळी आलेली असेल तर बदलायला जागा आणि टाकायला झाकणाचा डबा, ही मागणी तर त्यांच्यापुढे मोठ्याने उच्चारायचीही सोय नाही. ‘अशा दिवसांत’ ती इथे असणारच नाही, असे गृहीत धरूनच हे आवार आखलेले असते. घरातल्या घोळक्यातून आलेली बाई त्या दिवशी बाहेर गाडीत बसून राहते. एकटी आलेलीने कुठे बसायचे?

यावर ‘कायदा करा’ म्हणण्याची गरज नाही. कायदा १९५६ चा आहे. हिंदूंच्या सार्वजनिक उपासनास्थळांत प्रवेशाचा अधिकार देणारा आपल्या राज्याचा कायदा असे म्हणतो, की कोणत्याही वर्गातल्या हिंदूला अशा स्थळी जाण्यापासून रोखता येणार नाही, अडथळा आणता येणार नाही आणि परावृत्तही करता येणार नाही. रोखणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि उपासनास्थळ म्हणजे नुसता गाभारा नव्हे. देवळाला जोडलेली जमीन, उपमंदिरे, पवित्र तळी, विहिरी हे सारे त्या व्याख्येत येते. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याच कायद्यावर बोट ठेवले आणि स्त्रियांचा हा हक्क राखणे शासनाचे कर्तव्य असल्याचे बजावले. त्यानंतर आठवड्याभरात, गुढीपाडव्याला, शनिशिंगणापूरचा चौथरा उघडला.

त्या विजयाचे मोल मी कमी करत नाही. पण त्यानंतर आपली लढाई चौथऱ्यावर आणि उंबऱ्यावरच थांबली, हे आपण मान्य करू या. कॅमेरे गाभाऱ्याच्या दाराशी असतात, भक्तनिवासाच्या टेबलाशी नसतात. ‘परावृत्त’ हा शब्द मात्र तिथेच लागू पडतो. रात्री टेकायला जागा नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, सोबत पुरुष नाही म्हणून दहा जणांची चौकशी, याला परावृत्त करणे म्हणायचे नाही तर कशाला? १७ मार्च २०२३ पासून एसटीने बायकांना निम्म्या तिकिटात प्रवास दिला. खेड्यापाड्यातल्या कितीतरी जणी त्यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या मनाने कुठेतरी निघाल्या. सरकारने निम्मे तिकीट दिले आणि मुक्कामाला मात्र नवरा आणायला सांगितला, अशी ही गत आहे.

‘रूढी आहे, हळूहळू बदलेल’ असे सांगणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात रत्नागिरीला जावे. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या रत्नदुर्गावर भगवतीचे देऊळ आहे. खाली शहरात पतितपावन मंदिर आहे. सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजी कीर यांच्या पैशांनी उभे राहिलेले हे मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडले. सावरकरांच्या एकूण राजकारणाशी आपले भांडण आहे आणि ते राहील. पण कोणाला आत घ्यायचे हे देव ठरवत नाही, ट्रस्टचा ठराव ठरवतो, एवढे त्या वास्तूने दाखवून दिले. त्याचबरोबर दुसरेही दाखवून दिले. जुन्या देवळांची दारे सहजी उघडली असती तर नवे देऊळ बांधावे लागले नसते. आपल्याला बायकांसाठी वेगळे देऊळ नको आहे, वेगळी रांगही नको आहे.

आता आपल्याच घरातला आक्षेप. ‘स्त्रीमुक्तीवालीने देवळात जायचेच कशाला? तिथेच तर आपल्या गुलामीची बीजे आहेत.’ मी स्वतः देव मानत नाही, म्हणून हा प्रश्न मला परका नाही. पण १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले होते, की देवदर्शनाने आपले प्रश्न सुटणार नाहीत, प्रश्न आहे तो माणूस म्हणून मान्य होण्याचा. त्या सत्याग्रहात बायका होत्या. मंगळवेढ्याची कान्होपात्रा पंढरपूरच्या देवळात शिरली ती बादशहाच्या माणसांपासून सुटण्यासाठी, असे परंपरा सांगते. पाठीशी कोणी पुरुष नसलेल्या त्या बाईला देऊळ हाच आसरा वाटला. आजही कितीतरी जणींना घराबाहेर एकटीने बसायला समाजमान्य अशी जागा एकच असते, आणि ती देऊळ असते. बागेत बसली तर चर्चा होते, चहाच्या टपरीवर बसली तर चर्चा होते. तिची श्रद्धा तपासायला आपण बसलेलो नाही. तिथेही तिला सोबतीचा दाखला मागत असतील तर तो आपला प्रश्न आहे.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. ‘एकटी बाई’ अशी एकच बाई नसते. माझ्यासारखीला टेबलावर ‘बरोबर कोण?’ विचारतात. माझ्या दलित मैत्रिणीला त्याआधी ‘आडनाव?’ विचारतात. ओळखपत्र पाहायचा अधिकार लॉजला आहे, तो स्त्री-पुरुष सर्वांना सारखा आहे. आडनाव ऐकून खोल्या अचानक भरण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. गाभाऱ्याच्या आंदोलनात सवर्ण बायका पुढे राहिल्या आणि हा प्रश्न मागे पडला, ही टीका दलित स्त्री संघटनांनी केली तेव्हा आपण पुरेशी ऐकली नाही.

म्हणून एक सुचवते. मोर्चा नको, पत्रकार नकोत. येत्या पावसाळ्यात प्रत्येक गटातल्या दोघी-चौघींनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावी, एकेकटीने जावे. देवस्थानच्या भक्तनिवासात खोली मागावी. मिळाली तर राहावे, आणि कुठे मिळाली हे आवर्जून कळवावे, कारण चांगली वागणूक देणारी ठिकाणेही आहेत. नाही म्हणाले तर वाद न घालता एवढेच म्हणावे, ‘लेखी द्या.’ तारीख, वेळ, दिलेले कारण, रिकाम्या खोल्या दिसल्या का, आडनाव विचारले का, कपडे बदलायची जागा आणि संडास होता का, त्याला आतून कडी होती का, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवावे. सार्वजनिक देवस्थानांचे ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. तिथे तक्रार करायला आपल्याकडे आज भावना पुष्कळ आहेत, कागद नाहीत. दिवाळी अंकाआधी अशी तीसेक टिपणे जमली, तर जिल्हावार तक्ता करून आयुक्तांच्या कार्यालयात देता येईल. टिपणे अंकाच्या पत्त्यावर पाठवा. आणि जाताना छत्रीपेक्षा रेनकोट न्या, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.