नवी गाडी महिना खाते, जुनी गाडी किलोमीटर

अक्कलकुव्यातून अंकलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर जरा वेळ थांबून पिकअपच्या नंबरप्लेटा वाचाव्यात. एमएच-39 ही आपली नंदुरबारची, एमएच-18 धुळ्याची. मग जीजे-16 भरूचची, जीजे-22 राजपीपळ्याची, जीजे-5 सुरतेची. यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. सेकंडहँड घेणाऱ्याला इथे लोक एक टोमणा हमखास मारतात, ‘जुनी घेतलीस? आता रोज गॅरेजात बस.’ मला हा टोमणा पटत नाही, निदान या तालुक्यापुरता तरी नाही.

इथले काम बारमाही नाही, हे त्याचे कारण. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीकडे निघतात, त्यांचे सामान-सुमान वाहायचे असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले येतात. मग डाब-मोलगीकडचे आमचूर खाली येते. भगर, मिरची, केळी, लग्नसराईचे मंडप, घरकुलाची वीट-सिमेंट असे काही ना काही चालू असते. आणि जून उजाडला की सगळे थंडावते. घाटात दरड येते, नाल्याला पूर येतो, भाड्यासाठी फोन वाजत नाही.

आता नव्या पिकअपचा हिशेब करू. समजा आठ लाखांचे कर्ज काढले, पाच वर्षांसाठी, साडेअकरा टक्क्यांनी. हप्ता बसतो साडेसतरा हजारांच्या आसपास. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे सत्तर हजार, गाडी दारात उभी असतानाही द्यायचे. तीन हप्ते थकले की वसुलीवाले दारात. जुनी गाडी तीन-साडेतीन लाखांत रोखीने घेतली असेल, तर पावसाळ्यात ती काही मागत नाही. ती फिरते तेव्हा खर्च काढते, आणि तेव्हाच कमावतेही. फक्त ती कर्जावर घेऊ नये. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा चढाच असतो, आणि मग दोन्हीकडचा तोटा पदरात पडतो.

पण जुनी म्हणजे कुठलीही नव्हे. टाटाचा छोटा हत्ती 2005 साली आला आणि त्याने गावोगावच्या मालवाहू रिक्षांचे काम घेतले. खापर, तळोद्याच्या सपाटीवर भाजीपाला टाकायला त्याच्याइतके काटकसरीचे वाहन नाही. मात्र त्याच्या मूळच्या दोन सिलिंडरच्या, सातशे सीसीच्या इंजिनाकडून भरल्या हौद्याने देवगोई घाट चढवून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तिथे पिकअप हवी. त्याहून जास्त माल असेल तर टाटाचीच 407. ही गाडी 1986 पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे तिचे काम येत नाही असा मिस्तरी शोधून सापडणार नाही, आणि सुटा भाग नंदुरबारला मिळाला नाही तर अंकलेश्वरला नक्की मिळतो. गाडी निवडताना मी आधी हेच पाहीन: ती मोलगीच्या वाटेवर बंद पडली, तर दुरुस्त करणारा माणूस किती लांब आहे? उभ्या गाडीचा दिवस कोणत्याही सुट्या भागापेक्षा महाग असतो.

इथे बीएसचा, म्हणजे धुराच्या सरकारी निकषाचा, प्रश्न येतो. बीएस-3 गाड्यांची विक्री 31 मार्च 2017 नंतर थांबली, बीएस-4ची तीन वर्षांनी. बीएस-3च्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत साधा यांत्रिक डिझेल पंप आहे. पाना आणि अनुभव एवढ्यावर तो जुळतो. बीएस-6 डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते, आणि ती साफ व्हायला गाडी अधूनमधून जोमाने, लांब पळावी लागते. घाटात दुसऱ्या गिअरवर रखडणाऱ्या, दर पाच किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीला ते जमत नाही. दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते, आणि मग स्कॅनरवाल्या गॅरेजचा रस्ता. धूर कमी झाला हे चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण डोंगरात आजही जुन्या इंजिनाला गिऱ्हाईक का आहे, ते एवढ्यावरून कळावे. अर्थात त्यालाही मुदत आहे. 15 वर्षे उलटलेल्या व्यापारी गाडीच्या पासिंगची फी 1 एप्रिल 2022 पासून शेकड्यांतून हजारांत गेली. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्तात मिळते आहे म्हणून कोणी घेत असेल, तर पुढच्या दोन-तीन वर्षांत येणारा हा खर्च त्याने आजच किमतीतून वजा करावा.

माझ्या ओळखीचे एक मिस्तरी गाडी बघायला गेले की बॉनेट उघडत नाहीत, आधी खाली वाकतात. ‘भाऊ, रंग काय बघता? आधीच्या मालकाने काय वाहिलं ते बघा.’ हे एक वाक्य लाखाचे आहे. अंकलेश्वर ही रसायनांची वसाहत आणि भरूचच्या किनारपट्टीला मिठागरे. मीठ किंवा ड्रम वाहिलेल्या गाडीचा हौदा वरून पत्रा बदलून चकाचक केलेला असतो, आणि खाली चासीच्या सांध्यात गंज पापुद्र्यांनी सुटत असतो. तापीची वाळू वाहिलेली गाडी वेगळी ओळखू येते. तिच्या कमानीत कंपनीने दिले त्याहून एखादा पाटा जास्त असतो. वाढवलेला पाटा म्हणजे ओव्हरलोडची कबुलीच. पाटा वाढवून गाडी जास्त वजन झेलते असे वाटते, पण ब्रेक तेवढेच राहतात, ॲक्सल तेवढाच राहतो, आणि वाचलेला झटका चासीला जातो. चासीवर वेल्डिंगची शिवण दिसली की सौदा तिथेच सोडावा, कितीही स्वस्त असो. याउलट दूध, केळी, बिस्किटे वाहिलेली गाडी, मग रंग उडालेली का असेना, घ्यावी.

इंजिन मात्र थंड असतानाच सुरू करून बघायचे. मालकाने आपण येण्याआधीच गरम करून ठेवले असेल, तर त्याला लपवायचे काहीतरी आहे असे समजावे. चालू इंजिनावर ऑईलचे झाकण काढले आणि धूर भकाभका बाहेर आला, तर ते बॅक कॉम्प्रेशन. रिंगा-लायनर झिजलेत, हाफ इंजिनचे काम फार लांब नाही. टायर रबर चढवलेले असतील तर मागे एकवेळ चालतील, पुढे नकोत.

कागदांकडे आपण आळसाने बघतो. ‘टीटी फॉर्मवर सह्या घेतल्यात, सावकाश नावावर करू,’ हे वाक्य दर सौद्यात ऐकू येते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की गाडी कितीही हातांतून गेली, तरी अपघाताच्या भरपाईला आरसीवर ज्याचे नाव आहे तोच मालक. म्हणजे घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याने जास्त घाई करायला हवी. फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म 35, आणि गुजरातची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. जीजेची गाडी चाळीस हजारांनी स्वस्त वाटते, त्यात हा कर मिळवून पाहावा. सीमेपलीकडच्या पंपावर टाकी भरण्याचेही तसेच. सध्या पेट्रोलच्या दरात फरक मोठा आहे, डिझेलच्या दरात फारसा नाही. तेवढ्यासाठी रिकामी गाडी सागबाऱ्याला नेणारे हिशेबाला कच्चे.

एक गोष्ट मात्र सोपी झाली. कारचा परवाना असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिक्कामोर्तब केले. आणि 3,000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, आरसीवर तो आकडा बघून घ्यावा.

आता घाट. उतारावर न्यूट्रल करून किंवा चावी बंद करून डिझेल वाचवणारे ड्रायव्हर अजून आहेत. खरे तर गिअरमध्ये ठेवून पाय वर घेतला, की डिझेल पंप स्वतःच तेल तोडतो; वाचत काहीच नाही. उलट बऱ्याच पिकअपमध्ये ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप इंजिनाबरोबर फिरतो. इंजिन बंद, की दोन-चार दाबांत पेडल दगडासारखे. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण त्यामुळे काटकसरीचीही आहे. ब्रेकचे लायनर टिकतात.

अशाच घाटांत हौद्यात माणसे बसवली जातात. एसटी कमी, बाजार लांब, यात्रा ठरलेली. नाही म्हणणे ड्रायव्हरलाही अवघड जाते, हे मी नाकारत नाही. पण ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदशैली घाटात उलटली आणि भाविकांचे जीव गेले. मालगाडीत बसलेल्या प्रवाशांची जोखीम विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे मालकाचे शेत, घर, सगळे त्या हौद्यात बसलेले असते.

पावसाळ्यात गाडी उभी आहे ना, तेव्हाच कामे काढावीत. कमानीचे पाटे सोडवून बुशा, चारही चाकांचे ब्रेक, जुने ब्रेक ऑईल काढून नवे, गिअर आणि हाऊसिंगचे ऑईल, क्रॉसला ग्रीस. मिस्तरीलाही तेव्हा सवड असते, आणि भाव जरा खाली येतो. प्रत्येक खर्च एका वहीत लिहावा. नव्या गाडीचे बारा हप्ते म्हणजे दोन लाख दहा हजार. वर्षाची दुरुस्ती अधिक बुडालेली भाडी मिळून त्याच्या निम्म्यावर गेली, की गाडी विकायला काढावी. ती दसऱ्याच्या आधी, गिऱ्हाईक हंगामाची तयारी करत असते तेव्हा काढावी, आणि नाव बदलल्याची नोंद ‘वाहन’ पोर्टलवर स्वतः बघेपर्यंत मागे लागून राहावे.