ताटली संध्याकाळच्या आत उचला!

गच्चीत, गॅलरीत, परसात पाखरांसाठी फळं ठेवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती: कालची ताटली अजून बाहेर असेल, तर आधी उठून ती आत घ्या. बाकीचं मग वाचा.

उन्हाळा चढला की पाण्याच्या भांड्यांसोबत पपईच्या फोडी आणि पिकली केळीही बाहेर येतात. हौस चांगलीच आहे. पण वैशाखाच्या उन्हात कापलेली पपई काही तासांतच आंबायला लागते. दुपारी तिच्यावर चिलटं घोंघावतात, संध्याकाळी मुंग्या लागतात, रात्री उंदीर-घुशी येतात. सकाळी त्याच सुकलेल्या सालींवर आपण नवी फोड ठेवतो आणि कालच्या पाखरांची शीटही तिथेच असते. उंबर फळला की बुलबुल, तांबट, कोकिळा फांदोफांदी पांगून खातात. ताटलीत मात्र साऱ्यांच्या चोची एकाच फोडीत जातात. त्यांतलं एखादं पाखरू आजारी असलं, तर आपण वाढलेल्या पानावरूनच आजार पसरतो.

हे नुसतं भय घालणं नाही. ब्रिटनमध्ये 2005 पासून ग्रीनफिंच हा परसातला नेहमीचा पक्षी लाळेतून आणि दूषित दाणापाण्यातून पसरणाऱ्या एका परजीवीमुळे झपाट्याने कमी होत गेला. 2021 मध्ये त्याचं नाव तिथल्या सर्वाधिक चिंतेच्या लाल यादीत आलं. त्याच वर्षी अमेरिकेत साल्मोनेलाने पाखरं मरू लागली, तेव्हा दाण्याची भांडी काही काळ उतरवून ठेवा, असं लोकांना सांगावं लागलं. तिथे दाणे होते, आपण फळं ठेवतो, असं कुणी म्हणेल. पण असले जंतू ओलाव्यात अधिक टिकतात, आणि फळाइतकं ओलं दुसरं काय असतं!

म्हणून सकाळी थोडंच ठेवा. दोन-तीन तासांनी उरलेलं उचला, आणि काहीही झालं तरी अंधार पडायच्या आत. ताटली रोज घासा. आठवड्यातून एकदा एक भाग द्रव ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत दहा मिनिटं बुडवा, खळखळून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ताटलीपेक्षा फांदी बरी: पपई उभी चिरून बियांसकट फांदीच्या खुंटाला खोचा. मग तांबट खोडाला बिलगून गर कसा टोचून काढतो, तेही दिसेल.

फळ आधी धुऊन घ्या, द्राक्षं तर नक्कीच, कारण त्यांच्यावर फवारे फार. कार्बाइडने पिकवलेल्या फळांवर कायद्याने बंदी आहे, तरी ती बाजारात येतात. तसा संशय असेल तर ते फळ पाखरांना नको, आणि खरं तर आपल्यालाही नको. पेरू, चिकू, केळं, पपई, आंब्याची गर राहिलेली कोय, कलिंगडाची लाल गर असलेली साल, हे सगळं चालतं. चिकूच्या आणि सफरचंदाच्या बिया काढा. अॅव्होकाडो मात्र अजिबात नको. त्यातलं पर्सिन पक्ष्यांच्या हृदयावर घाला घालतं. चाट मसाला लावलेल्या फ्रूट प्लेटमधलं उरलंसुरलं आणि बुरशी धरलेलं फळ थेट ओल्या कचऱ्यात. आपल्याला खाववत नाही ते पाखरांना, हा कुठला न्याय?

पाण्याचं भांडं रोज आतून खरवडून धुवा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. फळं मोठ्या काचेपासून तीन फुटांच्या आत ठेवा, नाहीतर तीस फूट लांब. मधल्या अंतरात पाखरू वेग घेतं आणि काचेवर आदळतं. धान्य टाकू नका. त्यावर मुख्यतः कबुतरं वाढतात, आणि कबुतरखान्यांवरून मुंबईत 2025 साली काय रणकंदन झालं ते आपण पाहिलंच. पिल्लांच्या काळजीनेही फळांचा ढीग घालू नका. फळं खाणाऱ्या बुलबुलालासुद्धा पिल्लांसाठी अळ्या-किडे शोधावे लागतात. त्यासाठी कुंड्यांवरची फवारणी थांबवलीत, तर ती पपईपेक्षा मोठी मदत.

एखादं पाखरू पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून ताटलीशीच बसलं असेल, जवळ गेलात तरी उडत नसेल, किंवा चोचीभोवतीची पिसं ओली, चिकट दिसत असतील, तर त्याच क्षणी फळं बंद करा. किमान दोन आठवडे ताटली बाहेर काढू नका. शेजाऱ्यांनाही सांगा, नाहीतर तुमच्याकडचं पाखरू त्यांच्याकडे जाईल. आजारी पाखरू नुसत्या हाताने उचलू नका. जवळच्या पशुवैद्याला किंवा वनविभागाला कळवा.

आणि सुट्टीत गावी निघताना, पाखरं उपाशी राहतील म्हणून चार दिवसांची फळं एकदम ठेवून जाऊ नका. ताटली धुऊन पालथी घाला आणि निघा. आठ दिवस तुमची पपई मिळाली नाही, तर पाखरं वडा-पिंपळाकडे वळतील.