वीस बोंडं

गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. बोंड हिरवंगार असतं, हाताला टणक लागतं. फोडलं की आत सरकीपर्यंत पोचलेली अळी. म्हणून कापसाचे शास्त्रज्ञ सांगतात, शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडं तोडा, बांधावर बसा आणि एकेक फोडून पाहा. दोनांत जिवंत अळी सापडली, तर फवारणीची वेळ आली. नाही सापडली, तर पंप खाली ठेवा. पैसाही वाचतो, जीवही.

गेल्या हंगामात माझ्या अकरावीच्या वर्गातल्या एका मुलाला मी विचारलं, ‘‘तुझे बाबा बोंडं फोडून बघतात का रे?’’ तो म्हणाला, ‘‘आधी बघे जी, मॅडम. आता म्हणते, बघून का होते? जे होयाचं ते होतेच.’’

मी यवतमाळ जिल्ह्यात मानसशास्त्र शिकवते. ‘बघून का होते’ या तीन शब्दांवर आमच्या विषयात अर्धं शतक काम झालं आहे. आजचा लेख त्या तीन शब्दांवर.

1967 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. तो आज वाचतानाही अंगावर येतो. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्यानं एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके बसत. फक्त त्यांनी काहीही केलं तरी काही थांबत नसे. नंतर दोन्ही गटांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक तिथेच बसून राहिले. भिंत बुटकी होती, पायांत बळ होतं, तरी उठले नाहीत. याला नाव पडलं, शिकलेली असहायता.

दोन्ही गटांनी दुःख सारखंच भोगलं होतं. फरक पडला तो आपल्या करण्यानं काही बदलतं की नाही, या एका गोष्टीनं.

आता आपल्याकडचं एक वर्ष डोळ्यांसमोर आणा. मृगात पेरलं आणि पावसानं दडी मारली; दुबार पेरणी झाली. डवरणी, निंदण, खत सगळं वेळेवर केलं आणि बोंडं भरायच्या वेळी अळी आली. त्यातून वाचलेला कापूस वेचून घरात आणला, तर भाव उतरला. थांबावं म्हटलं तर बँक आणि सावकार थांबत नाहीत. या माणसानं आळस कुठे केला? त्यानं सगळं केलं. केलेल्याचा आणि मिळालेल्याचा संबंध मात्र कुठेच जुळला नाही.

2017 आठवून बघा. बोंडअळीला दाद देणार नाही म्हणून घेतलेलं बीटी बियाणं अळीनं पोखरलं. फवारण्या वाढल्या, आणि त्या फवारण्यांच्या विषबाधेनं आपल्याच जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात दाखल झाले. वीसच्या आसपास दगावले. पीक राखायला गेलेला माणूस खाटेवर पडला. त्यानंतर कुणी ‘बघून का होते’ म्हणालं, तर त्याला आळशी कसं म्हणायचं? अनुभवानं जे शिकवलं, तेच तो बोलतो.

आणि इथेच आपली, गावाची आणि शहराचीही, एक मोठी चूक होते. दुसऱ्याचं काही बिघडलं की आपण त्याच्या स्वभावात कारण शोधतो आणि परिस्थितीकडे डोळेझाक करतो. स्वतःचं बिघडलं की मात्र परिस्थिती लगेच दिसते. ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली या सवयीला मूलभूत गुणारोपण दोष म्हटलं. आपल्या चावडीवर तो दोष रोज ऐकू येतो; कुणी जीव दिला की तर हमखास. ‘पिणारा होता.’ ‘मनानं कच्चा होता.’ ‘घरचंच काहीतरी असेल.’ शेतकरी आत्महत्येच्या सरकारी चौकशीत नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा पाहिला जातो, आणि त्यावरून घर एक लाखाच्या मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. कागद निदान परिस्थितीबद्दल विचारतो. आपण तेवढंही विचारत नाही.

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे गावचे सरपंच राहिलेले, गाण्याबजावण्यात रमणारे गृहस्थ. 19 मार्च 1986 रोजी त्यांनी कुटुंबासह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद घेतली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी राज्यभर लोक अन्नत्याग करतात. गाव सांभाळलेल्या माणसाला ‘मनानं कच्चा’ म्हणून प्रश्न मिटवता येणार नाही.

‘शेतकऱ्याला निर्णय घेता येत नाहीत’ हेही असंच एक वाक्य. 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली होती, एकदा ऊस तुटण्याआधी हात तंगीत असताना आणि एकदा पैसे आल्यावर. माणूस तोच, शिक्षण तेच. पण तंगीतले गुण स्पष्टपणे कमी होते. पैशाची विवंचना डोक्यातली जागाच व्यापून टाकते, असा त्यातून निघालेला अर्थ. वेचणीच्या आधी सावकाराच्या दारात उभा असलेला आपला माणूस अडाणी नसतो. तेव्हा त्याचं अर्धं डोकं हप्त्याच्या तारखेत अडकलेलं असतं.

मग यावर उपाय काय? सेलिग्मन आणि मायर यांच्या गोष्टीचा शेवट फार थोड्यांना माहीत असतो. बसून राहिलेल्या त्या कुत्र्यांना दुसऱ्या कुत्र्याची उडी दाखवून किंवा पलीकडे खाऊ ठेवून फारसं काही साधलं नाही. संशोधकांनी त्यांना पट्ट्याला धरून पुन्हा पुन्हा भिंतीपलीकडे नेलं, तेव्हा ते स्वतःहून उडी मारू लागले. पुढे 2016 साली, मेंदूवरच्या संशोधनाच्या आधारे, या दोघांनी आपलाच सिद्धांत उलटा करून मांडला. दीर्घ त्रासात गळून बसणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. पन्नास वर्षांनी स्वतःचं म्हणणं बदलण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो, आणि त्यातून यवतमाळला मिळणारा धडा त्याहून मोठा. खचलेल्या माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ सांगून तो उठत नाही. त्याच्या करण्यानं काहीतरी घडतं, हे त्याला प्रत्यक्ष दिसावं लागतं, आणि पहिल्या काही वेळा सोबत कुणीतरी लागतं.

सोबतीनं किती फरक पडतो, हे आपल्या शेजारी दिसून आलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं; ती घरोघर गेली, बोलली, गरज पडेल तिथे समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे घेऊन गेली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगणारे 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. आपल्याकडे 2015 साली यवतमाळ आणि उस्मानाबादसाठी बळीराजा चेतना अभियान निघालं. प्रेरणा प्रकल्पातून आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करू लागल्या. ही कामं नेटानं आणि सलग चालली पाहिजेत. पाहणीचा कागद भरला म्हणजे सोबत झाली, असं होत नाही.

पण सोबतीबरोबर करण्या-मिळण्याची तुटलेली गाठही पुन्हा बांधावी लागेल, आणि ती शेतकरी एकटा बांधू शकत नाही. पीककर्जाचा अर्ज दिला तर अमुक दिवशी हो किंवा नाही कळेल, ही तारीख बँकेनं लेखी द्यावी. विम्याची तक्रार नोंदवली तर पाहणीला माणूस येईल आणि दावा नाकारला तर कारण कळेल. कापूस खरेदी केंद्र वेचणीच्या आधी उघडेल. या प्रशासनाच्या गोष्टी आहेत, तशाच त्या मनाच्या आरोग्याच्याही आहेत. अर्ज केला आणि उत्तर आलं, एवढा साधा अनुभवही मेंदूला शिकवतो की हातात काहीतरी आहे. उत्तर न देणारं प्रत्येक टेबल त्या माणसाला असहायतेचा आणखी एक धडा देतं.

घरात कुणी बोलणं कमी केलं असेल, झोप उडाली असेल, रोजची कामं सोडून दिली असतील, तर त्याला शहाणपण शिकवू नका. शेजारी बसा आणि ऐका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, ओझं हलकं होतं. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि ज्यांच्या वडिलांनी बोंडं फोडून बघणं सोडलं आहे, त्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. येत्या रविवारी त्यांना वावरात एकटं जाऊ देऊ नका. बोंडं वीसच असतात. दहा तुम्ही फोडा.