न फिरणारा कोंबडा

आमच्या एका स्नेह्यांनी कोल्हापुरातील आपल्या नव्या बंगल्याच्या बागेत, हिरवळीच्या मधोमध, लोखंडी काठीवर एक कोंबडा बसविला आहे. पायांखाली चार दिशांच्या चार आडव्या दांड्या, शेपटी ऐटदार, तुरा तांबडा. वस्तूबरोबर आलेल्या पत्रकात तिचे वर्णन ‘घर व बाग यांसाठी पारंपरिक लोककला’ असे केलेले होते. कोंबड्याशी आमचे वैर नाही. ‘पारंपरिक’ आणि ‘लोककला’ या दोन शब्दांशी मात्र आहे. आणि आमचा सुशिक्षित वर्ग ते डोळे मिटून गिळतो, म्हणून त्यांविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

परंपरा आहे, हे खरे. पण ती कोणाची? अथेन्स येथील वाऱ्यांच्या अष्टकोनी मनोऱ्याच्या शिखरावर ब्राँझचा एक ट्रायटन वाऱ्याबरोबर फिरे व हातातील काठीने त्याची दिशा दाखवी, असे व्हिट्रूव्हिअस या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. पुढे ख्रिस्ती चर्चच्या शिखरावर कोंबडा चढला. त्याचा संबंध, कोंबडा आरवण्यापूर्वी पीटरने आपल्या गुरूस तीनदा नाकारले, त्या कथेशी लावतात. अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांनी हीच विद्या आपल्या मातीत रुजविली. बोस्टनच्या फॅन्युइल सभागृहावरील तांब्याचा नाकतोडा शेम ड्राऊन नावाच्या तांबटाने १७४२ साली घडविला. तेथील शेतकऱ्यांनी गोठ्या-कोठारांवर घोडे, गाई, मासे बसविले. कारण वारा कोठून येतो हे कळल्यावाचून गवत केव्हा कापावे व होडी केव्हा सोडावी हे कळत नसे. ती त्यांची खरी लोककला. २००६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात असे एक वातदर्शक ५० लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. तेव्हापासून ते शेतकऱ्याचे राहिले नाही, ही गोष्ट निराळी.

आमच्याकडे या वस्तूस ‘वातकुक्कुट’ म्हणतात. हा शब्द कोणाही कुणब्याच्या वा कोळ्याच्या तोंडी नाही; भूगोलाच्या पुस्तकासाठी इंग्रजी शब्दाला संस्कृत पोशाख चढवून तो सिद्ध केलेला आहे. ज्या वस्तूस लोकांनी स्वतः नावही दिले नाही, ती त्यांची परंपरा कशी ठरते?

बरे, परकी असो, निदान ती आपले काम करते काय? वातदर्शकाची विद्या साधी आहे. आसाच्या दोन्ही बाजूंस वजन सारखे असावे, परंतु पृष्ठभाग सारखा नसावा. शेपटी रुंद असावी, म्हणजे वारा तिला मागे लोटतो व चोच वाऱ्याच्या उगमाकडे वळते. शिवाय वारा मोजण्याचे साधन मोकळ्या जागी सुमारे १० मीटर उंचीवर असावे, असा हवामानशास्त्राचा दंडक आहे. आमच्या स्नेह्यांचा कोंबडा पुरुषभर उंचीवर, दोन उंच इमारतींच्या आडोशाला उभा आहे. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा आस गंजला. नैर्ऋत्येचा वारा झाडे वाकवीत असतो आणि हे महाशय आपले फाटकाकडे टक लावून असतात. त्याहून गंमत दांड्यांची. फाटक पूर्वेस आहे; पण उत्तरेची दांडी तिकडे वळविली तर बरी दिसते, म्हणून ती तिकडे वळविलेली आहे. त्यांच्या नातवाने त्या दांड्यांवर विश्वास ठेवून, सूर्य उत्तरेस उगवतो असे आम्हांस गंभीरपणे सांगितले!

आणि हे सर्व त्या जिल्ह्यात, जेथे वाऱ्याची ओळख माणसांच्या हाडीमाशी खिळलेली आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात छताच्या गोल उघड्या भागाखाली उभे राहून वर पाहावे. भोवती दिक्पाल आपापल्या वाहनांसह कोरलेले आहेत. वायव्येचा स्वामी वायू. आमच्या मूर्तिशास्त्राने त्याला हरिणावर बसविले व हाती ध्वज दिला. वारा स्वतः दिसत नाही, फडकणारे वस्त्र दिसते, हे त्या शास्त्रकारांस ठाऊक होते. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. इतकी उंच काठी, वर वस्त्रे व निशाण. वाऱ्याचा झोत आला की दोर धरणाऱ्यांस तो प्रथम तळहातात कळतो. खळ्यावर तिवईवर उभा राहून धान्य उपणणारा शेतकरी मूठभर भूस उधळून पाहतो आणि मगच सूप कोणत्या अंगास धरावयाचे ते ठरवितो. जत्रेतील कागदी भिरभिरे घेऊन पोर धावते ते वाऱ्याच्या तोंडावर; पाठ फिरविताच ते मंदावते, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. यांपैकी एकाही वस्तूवर ‘लोककला’ अशी चिठ्ठी चिकटविलेली नसते. तशी गरजच पडत नाही.

कित्येक म्हणतील, प्राध्यापक महाशय स्वदेशीच्या नावाखाली परकी वस्तूंस दार लावू पाहतात. मुळीच नाही. बाबुराव पेंटरांनी याच करवीरनगरीत चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि त्यांच्या कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. कॅमेरा काही आमच्या आजोबांचा नव्हता. पण बाबुरावांनी त्यास प्राचीन म्हटले नाही. त्याचे मर्म समजून घेतले, आणि मुख्य म्हणजे तो चालविला. परक्याकडून विद्या घेणे आणि परक्याचे सोंग विकत घेणे यांत अंतर आहे. पहिल्याने आमचा कारागीर वाढतो, दुसऱ्याने आमची भिंत तेवढी सजते. आणि त्या सजावटीस परंपरेचे नाव दिले म्हणजे ज्यांची परंपरा खरी आहे त्या लोहाराचा व तांबटाचा हक्कही आपण हिरावून घेतो. कारण गिऱ्हाइकाचे पैसे आणि समाधान दोन्ही तेथेच संपतात.

हे शहर ओतकामाचे व यंत्रकामाचे. फिरता आस बसविणे येथल्या कोणत्याही कारखान्यास जड नाही. आमच्या स्नेह्यांस वातदर्शक हवेच असेल तर त्यांनी पत्रा कापणाऱ्या एखाद्या कसबी कारागिरास बोलवावे. हरीण काढावयास सांगावे, नाकतोडा सांगावा, हवा तर कोंबडाच सांगावा. ते गच्चीवर, इमारतींच्या आडोशाबाहेर चढवावे आणि उत्तरेची दांडी रात्री ध्रुवतारा पाहून बसवावी. तोवर निदान आहे त्या कोंबड्याच्या दांड्या सरळ कराव्यात. नातवाची भूगोलाची परीक्षा पुढील महिन्यात आहे.