चऱ्होलीचा फ्लॅट आणि दिवसाला २०० रुपये

चऱ्होलीत फ्लॅट घेणारी आम्ही आयटीवाली मंडळी फरशीच्या रंगावर दोन शनिवार घालवतो, टीडीएसवर दहा मिनिटंही नाही. "तो तर कंपनी कापते ना?" पगारातला कापते हो! फ्लॅटचा कापायचा खरेदीदारानं. १ जून २०१३ पासून घर ५० लाख किंवा त्याहून महाग असेल तर किमतीचा १ टक्का आपण कापून सरकारजमा करायचा. (विकणारा एनआरआय असेल तर सगळा हिशोबच वेगळा, तो आत्ता नको.)

खरी गोची हप्त्यांत होते. स्लॅब पडला की डिमांड लेटर येतं, बँक कर्जाचे पैसे थेट बिल्डरला पाठवते आणि आपल्याला वाटतं आपला काही संबंध नाही. पण त्या हप्त्यातलाही १ टक्का आपणच कापायचा आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांचे फॉर्म वेगळे. सप्टेंबर २०१९ पासून पार्किंग आणि क्लब मेंबरशिपचे पैसेही किमतीत धरतात.

उशीर झाला तर १९६१च्या कायद्याच्या कलम २३४ई खाली दिवसाला २०० रुपये फी. वर व्याज वेगळं. फी टीडीएसच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही, एवढीच काय ती दया. हप्ता ६ लाखांचा असेल तर टीडीएस ६,००० आणि ३० दिवसांत फीही ६,०००! पुढच्या हप्त्याचं मीटर पुन्हा शून्यापासून. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा आला खरा, पण जुन्या व्यवहारांचा हिशोब जुन्याच कलमांनी होणार.

या फीला कोर्टात आव्हान देऊन झालंय. रश्मिकांत कुंडलिया यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१५ मध्ये सांगितलं, की ही शिक्षा नाही, उशिरा येणारी माहिती हाताळण्याची फी आहे. कायद्यानं बरोबर असेल. मला मात्र ते पटत नाही. कंपनीकडे अकाउंट्स डिपार्टमेंट असतं, आपल्याकडे गुगल. आयुष्यात एकदा घर घेणाऱ्याला पहिल्या वेळी नुसती ताकीद द्यायला काय हरकत होती?

पण ते होईपर्यंत नोटीस येणारच. ती आली की लोक व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकतात, नाहीतर "सेटल करून देतो" म्हणणारा एजंट गाठतात. अहो, आकडा कॉम्प्युटरनं काढलाय, सेटल कोणाशी करणार? आधी नोटिशीवरचा डीआयएन नंबर इन्कमटॅक्सच्या साइटवर टाकून ती खरी आहे का बघा. मग पेमेंटची तारीख, दोघांचे पॅन आणि रक्कम बँक स्टेटमेंटशी जुळवा. फॉर्ममध्ये तारीख चुकीची पडली असेल तर नसलेला उशीरही दिसतो, आणि २६क्यूबी फॉर्मची दुरुस्ती ट्रेसेसच्या साइटवर घरबसल्या होते. उशीर खरा असेल तर भरून टाका, कारण व्याज कोणासाठी थांबत नाही.

आणि हो, भरल्यावर १६बी सर्टिफिकेट डाउनलोड करून बिल्डरला मेल करा. नाहीतर पझेशनच्या वेळी त्याच्या खात्यात तुमची १ टक्का बाकी दिसत राहते.