मधुमेहाची पेरणी पाळण्याच्याही आधी



मधुमेहाचे निदान झाले की घरातून येणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. ‘‘डॉक्टर, आमचे हे तर पहिल्यापासून काटक. कधी अंगावर मांस चढले नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. मग यांच्या रक्तात साखर कशी निघाली?’’

हा प्रश्न भाबडा नाही. लठ्ठपणा आणि मधुमेह यांची सांगड पाश्चात्त्य ग्रंथांनी इतकी पक्की घातली होती, की सडपातळ भारतीयाला होणारा मधुमेह हे वैद्यकशास्त्रालाही दीर्घ काळ कोडेच होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांच्या आसपास आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत, आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उभे आहेत. एवढे सगळे लोक काही लठ्ठ नाहीत. या कोड्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडला. ते उत्तर आजोबांपेक्षाही घरात येऊ घातलेल्या नातवंडाच्या अधिक उपयोगाचे आहे, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहे.

जन्माच्या वजनाची जुनी वही

कथेचा आरंभ इंग्लंडमधील हर्टफर्डशायर या परगण्यात होतो. तेथे १९११ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन आणि एक वर्षाचे होतानाचे वजन परिचारिका वहीत नोंदवून ठेवीत. अनेक दशकांनंतर डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वह्या मिळवल्या व १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले याचा माग काढला. १९८९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : जन्माच्या वेळी आणि पहिल्या वाढदिवसाला ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक होते. दोन वर्षांनी याच परगण्यातील चौसष्टीच्या सुमाराच्या पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा रक्तातील वाढलेल्या साखरेचेही नाते जन्माच्या कमी वजनाशी जुळले.

याचा अर्थ असा लावण्यात आला. गर्भाला पोषण अपुरे पडू लागले की तो काटकसरीचा प्रपंच मांडतो. सर्वांत आधी मेंदू सांभाळायचा. मग स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांच्या वाट्याला उरेल तेवढे द्यायचे. ही काटकसर टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडते. पण टंचाईसाठी घडवलेल्या या देहाला पुढे भरल्या ताटाचे, बैठ्या कामाचे आयुष्य लाभले, तर कमी भांडवलावर उभे राहिलेले स्वादुपिंड थकते आणि चाळिशी-पन्नाशीत साखर दिसू लागते.

पुण्याजवळची सहा खेडी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य असे, की स्त्रियांची नोंदणी आणि तपासणी दिवस जाण्याच्या आधीपासूनच केली गेली. गर्भारपणात त्या काय खातात, शेतातले व घरातले काम किती करतात, हे सारे टिपले गेले. पुढे त्यांच्या बाळांची मोजमापे इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे जन्मलेल्या बाळांशी ताडून पाहण्यात आली.

पुण्याकडच्या मातांचे सरासरी वजन ४५ किलोच्या आत होते. साउथॅम्प्टनच्या मातांचे सुमारे ६४ किलो. बाळांचे सरासरी वजन अनुक्रमे २.७ आणि ३.५ किलो. येथपर्यंत अपेक्षेबाहेरचे काहीच नव्हते. नवल पुढे होते. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच कमी भरले. परंतु पाठीवरच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे आपले बाळ दिसायला बारीक, पण त्याच्या लहानशा देहात चरबीचा वाटा मोठा आणि स्नायूंचा लहान. स्नायू हे साखर वापरणारे मुख्य कोठार असल्यामुळे ते कमी असणे ही पुढच्या मधुमेहाची पूर्वतयारीच ठरते.

हेच मोठेपणी कसे दिसते, याचे एक बोलके छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात स्वतः डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

म्हणून आपल्यासाठी मोजपट्टीही वेगळी आहे. भारतीय प्रौढांत बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा समजावा. वजनकाट्याइतकाच विश्वास शिंप्याच्या टेपवर ठेवावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर पोटाचा घेर मोजावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही मर्यादा आहे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असा बांधा असेल तर ‘आम्ही बारीक आहोत’ या समाधानात राहू नये.

आईच्या ताटात काय आहे?

पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. आई एकूण किती खाते यापेक्षा ती दूध, पालेभाज्या आणि फळे किती खाते, याचे बाळाच्या वाढीशी अधिक घट्ट नाते दिसले. त्यातच ब-१२ या जीवनसत्त्वाचा मुद्दा पुढे आला. या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात ब-१२ कमी होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासणी केली, तेव्हा ज्यांच्या आईच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट भरपूर होते, त्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली.

यावरून कुणीही गर्भवतीची फोलिक आम्लाची गोळी बंद करू नये. बाळाच्या मेंदूचे व मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळण्यात त्या गोळीचे काम निःसंशय सिद्ध झालेले आहे. बोध एवढाच, की फोलिक आम्लाच्या जोडीला ब-१२ ही पुरेसे हवे. ते दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे शाकाहारी घरातील गर्भवतीने याविषयी आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

मुंबईच्या वस्त्यांमध्येही एक मोठा प्रयोग झाला. साडेसहा हजार स्त्रियांपैकी काहींना दिवस जाण्यापूर्वीपासून रोज पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ देण्यात आला. इतरांना कमी पोषणमूल्याच्या भाज्यांचा खाऊ मिळाला. सगळ्या बाळांचा एकत्र हिशेब केला तर जन्माच्या वजनात ठाम फरक पडला नाही. पण गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधी ज्यांनी हा खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचे वजन थोडे वाढलेले दिसले. शिवाय गर्भारपणातील मधुमेहाची तपासणी झालेल्या मातांत त्याचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के आढळले. हा लाभ लहान नव्हे. कारण आईला गर्भारपणी मधुमेह झाला तर बाळालाही पुढे त्याचा धोका वाढतो. तात्पर्य, ‘दिवस राहिले, आता नीट खा’ हा सल्ला चांगला आहे, पण तो उशिरा येतो. नीट खाण्याची वेळ त्याच्या आधीची आहे.

गुटगुटीतपणाचा मोह

आपल्याकडे कमी वजनाचे बाळ जन्मले की सारे घर त्याला ‘भरून काढायला’ सरसावते. त्यामागची माया खरी आहे. पण दिल्लीतील एका दीर्घ अभ्यासाने येथे सावधगिरीची सूचना दिली आहे. १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या सुमारे दीड हजार जणांची २६ ते ३२ या वयात तपासणी झाली. ज्यांच्यात मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ते पहिल्या दोन वर्षांत कृश होते आणि त्यानंतर त्यांचे वजन उंचीच्या मानाने भराभर वाढत गेले होते. विशेष म्हणजे बाराव्या वर्षी त्यांपैकी एकही जण लठ्ठ या व्याख्येत बसत नव्हता. म्हणजे घराला ते मूल ‘आता कुठे जरा अंगाला लागले’ असेच वाटले असणार.

याचा अर्थ बारीक बाळाला कमी खाऊ घालावे, असा मुळीच नाही. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध. त्यानंतर दुधाच्या जोडीला वरणभात, खिचडी, नाचणी, भाज्या, फळे आणि चालत असल्यास अंडे, हे त्याला पोटभर मिळालेच पाहिजे. अंगणवाडीतील किंवा दवाखान्यातील वाढीच्या तक्त्यावर वजनाबरोबर उंचीही भरून घ्यावी. मात्र दोन वर्षांपुढील मुलाला पोट भरल्यावरही घास भरवणे, रडू आले की बिस्कीट, हट्ट केला की वेफर्स, जेवावे म्हणून हातात मोबाइल, ही लाडाची रीत सोडावी. त्याने धावावे, घामेजावे, स्नायू कमवावेत.

आणि आपले स्वतःचे काय?

‘‘आमची पेरणी तर सत्तर वर्षांपूर्वीच झाली, आता काय उपयोग?’’ असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आशादायक आहे. पूर्वमधुमेही व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि सात टक्के वजनघट एवढे उद्दिष्ट ठेवले होते. त्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आणि साठी ओलांडलेल्यांत तर ७१ टक्क्यांनी! आपल्याकडे डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या चाचणीत तीन वर्षांत, काहीही न बदललेल्या गटातील ५५ टक्के लोक मधुमेही झाले. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले. पेरणी झाली म्हणून पीक ठरून गेले, असे नाही.

येथेही ब-१२ ची आठवण ठेवावी. वय झालेले शाकाहारी, अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही आणि पित्तासाठी रोज गोळी घेणारे यांच्यात ते कमी पडण्याचा संभव अधिक असतो. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा यांचे खापर केवळ वयावर न फोडता एकदा तपासणी करून घ्यावी. औषधे मात्र आपल्या मनाने थांबवू नयेत.

वडीलधाऱ्यांच्या हाती असलेले

औषधाच्या चिठ्ठीत न मावणाऱ्या काही गोष्टी घरातील ज्येष्ठांच्या शब्दाने होतात. त्या अशा :

• सर्वांची पाने उठल्यावर उरलेल्यात भागवणे ही सुनेची किंवा लेकीची रीत असेल, तर ती आपणच मोडावी. दूध, उसळ, पालेभाजी, फळ यांचा तिचा वाटा आधी काढून ठेवावा.

• ‘जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल’ या भीतीपोटी शेवटच्या महिन्यांत तिचे जेवण कमी करू नये.

• वयात येणारी नात डब्यात काय नेते, उपवास किती करते, याकडे आजच लक्ष द्यावे. तिच्या बाळाच्या पोषणाची सुरुवात तेथे होते.

• गर्भवतीची साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान व्हावी. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातील साखर १४० किंवा अधिक आली, तर उपचारांत दिरंगाई करू नये.

• नातवंडाच्या जन्माच्या वजनाचा कागद जपून ठेवावा. पुढे आयुष्यभर तो उपयोगी पडेल.

डोहाळजेवणाला आपण हौसेने पंचपक्वान्ने करतो. ते सोहळे जरूर व्हावेत. पण ते जेवण एका दिवसाचे असते. तिचे ताट रोजचे असते. त्या रोजच्या ताटात एक वाटी दही आणि एक पालेभाजी आपल्या आग्रहाने वाढली गेली, तर पन्नास वर्षांनी एखाद्या डॉक्टरला कुणा काटक गृहस्थाच्या घरच्यांचा तो नेहमीचा प्रश्न कदाचित ऐकावा लागणार नाही.